निवेदनाचा शेवट कापला जातोय, आणि नेमकं ‘नाही’च गळतंय

गोदाकाठची_निवेदिका

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या एका छोट्या सामुदायिक रेडिओवर काम करते. पगारी माणसं मोजकीच, बाकी आम्ही हौशी. बोलायचंही मीच, रेकॉर्डही मीच करायचं, यादीत लावायचंही मीच, आणि अँटेनावर कावळ्याने काटक्या आणल्या तर वॉचमनदादांना हाकही मीच मारायची, असा कारभार आहे.

संध्याकाळी सहानंतर स्टुडिओत कोणी नसतं. म्हणून पाचच्या सुमारास बोलके तुकडे रेकॉर्ड करून मी घरी जाते. लासलगाव आणि पिंपळगावचे कांद्याचे भाव, हवामान, दवाखान्यांच्या शिबिरांची माहिती, आणि पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या विसर्गाचा आकडा. पुढे रात्री दहापर्यंत ऑटोमेशन सॉफ्टवेअर तासातासाला गाण्यांच्या मधे हे तुकडे वाजवतं. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. विंडोजवर चालतं, फुकट आहे, आमचं त्यावर बरं चाललंय. नाव लिहिलं की अर्धे लोक ‘ते फेका, हे घ्या’ सांगायला येतात.

आता दुखणं. परवा पाऊस लागून होता. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलेलं. मी रेकॉर्ड केलेलं शेवटचं वाक्य होतं, ‘गंगापूर धरणातला विसर्ग आज रात्री वाढवला जाणार नाही.’ हवेत काय गेलं? ‘गंगापूर धरणातला विसर्ग आज रात्री वाढवला जाणार’, आणि लगेच गाणं. घाटावरच्या टपरीवाल्यांनी माल उचलायला सुरुवात केली. गाडगे महाराज पुलाजवळच्या एका दुकानदाराने मला फोन करून विचारलं, ‘ताई, किती सोडणार ते तरी सांगा!’ मी घरी भाकरी थापत होते. तशीच गाडी काढून स्टुडिओत गेले आणि लाइव्ह बोलून खुलासा केला.

रेकॉर्डिंग मी ऑडॅसिटीत करते, म्हणजे आवाज रेकॉर्ड आणि संपादन करायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये. आधी सॉफ्टवेअरमधलं रेकॉर्डचं बटण वापरायचे, पण ते फाइल कुठल्या फोल्डरात नेऊन ठेवायचं ते देवाला ठाऊक, आणि नाव म्हणजे नुसती आकड्यांची माळ. ऑडॅसिटीतून मी ‘विसर्ग-ताजा’ या एकाच नावाने एक्स्पोर्ट करते, कालच्या फाइलवरच. यादीत तीच फाइल लावलेली असते, त्यामुळे रोज यादीला हात लावावा लागत नाही.

तीच फाइल कॉम्प्युटरवर नुसती डबल क्लिक करून ऐकली तर ‘नाही’ व्यवस्थित ऐकू येतं. हवेत मात्र कापलं जातं. रोज नाही, कधीकधी. मला वाटतं, ज्या दिवशी मी लांबण लावते त्या दिवशी जास्त.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. एक, फाइल वेव्ह (न दाबलेला आवाज) ठेवावी की एमपी३ (दाबलेला)? दोन, रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली तर झालेलं काम परत मिळतं का? आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण तो मनात आलं तर चालतो.

---

आरजे_कॉलेजरोड

ताई, सोपं आहे. शेवटी तीन सेकंद शांतता जोडा. कापलं तर शांतता कापली जाईल, तुमचं ‘नाही’ वाचेल. आणि एमपी३ १२८ केबीपीएसमध्ये टाका, कुणाला फरक कळत नाही. आम्ही कॉलेजच्या कॅम्पस रेडिओला हेच करायचो.

---

टेपवाले_काका

शांतता जोडून काही होणार नाही, असं मला वाटतं. पण आधी एक सांगा ताई. सॉफ्टवेअरच्या यादीत ‘विसर्ग-ताजा’ समोर लांबी किती दिसते? आणि ऑडॅसिटीत तोच तुकडा उघडला तर किती? दोन्ही आकडे लिहा, मग बोलू.

---

गोदाकाठची_निवेदिका

काका, आत्ताच बघितलं. यादीत ०:३८. ऑडॅसिटीत ०:५१. हे कसं काय? फाइल तर एकच आहे!

---

टेपवाले_काका

फाइल एक आहे, पण तिची माहिती दोन ठिकाणी आहे. तिथेच सगळी मेख आहे.

मी नाशिकरोडचा. उमेदीची वर्षं स्पूलवर टेप कापण्यात गेली, ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन. तेव्हा टेप हातात असायची. जेवढी लांब तेवढी वाजायची. आताचं ऑटोमेशन सॉफ्टवेअर तसं वागत नाही. तुम्ही एखादी फाइल पहिल्यांदा त्याच्या संग्रहात घेता, तेव्हा ते ती एकदाच नीट वाचतं आणि आपल्या डेटाबेसमध्ये नोंद करतं: फाइल कुठे आहे, किती लांब आहे, आवाज कुठे सुरू होतो, पुढचं गाणं कुठे मिसळायचं आणि कुठे थांबायचं. या खुणांना क्यू पॉइंट म्हणतात. त्यानंतर वाजवताना ते दरवेळी फाइलला ‘तू किती लांब आहेस’ असं विचारत बसत नाही. आपल्या वहीत लिहिलंय त्यावर चालतं.

तुम्ही ज्या दिवशी ही फाइल पहिल्यांदा संग्रहात घेतली, त्या दिवशी तुमचं निवेदन ३८ सेकंदांचं होतं. वहीत ३८ लिहिलं गेलं. परवा तुम्ही त्याच नावावर ५१ सेकंदांचं निवेदन ठेवलंत. वहीला पत्ताच नाही. ३८ सेकंद झाले, पुढचं गाणं. तुमचं निवेदन ३८च्या आत बसलं त्या दिवशी सगळं सुरळीत, म्हणून ‘कधीकधी’. आणि म्हणूनच कॉलेजरोडच्या भाऊंची तीन सेकंदांची शांतता इथे कामाची नाही. शेपटी वाढवली तरी कात्री ३८वरच बसते. निवेदन फारच लहान झालं तर उलटं होईल. पुढचं गाणं मिसळायची खूण फाइलच्या बाहेर जाईल आणि मधे मोकळी जागा पडू शकेल.

तात्पुरता इलाज असा, की तो तुकडा संग्रहात शोधा, त्याचे क्यू पॉइंट पुसा आणि फाइल पुन्हा वाचायला लावा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर राइट क्लिक केलं की ही सोय सापडते. पण हे तुम्हाला रोज करावं लागेल, आणि घाईत राहून जाईल.

कायमचा इलाज माझ्या मते एकच. जुन्या फाइलवर नवी फाइल कधी ठेवायची नाही. रोज नवं नाव, नावात सुरुवातीला तारीख, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. म्हणजे फोल्डर नावाने लावला की आपोआप तारखेनेही लागतो. दिवस आधी लिहिलात तर जूनची १ तारीख आणि जुलैची १ तारीख शेजारी येऊन बसतात. यादीत फाइलचं नाव लावू नका. ‘विसर्ग’ असा एक वेगळा वर्ग करा आणि यादीत सांगा, की या जागी या वर्गातला सर्वात नवा तुकडा वाजव. आणि प्रत्येक तुकड्याला संपण्याची वेळ द्या. विसर्गाचा तुकडा रात्री बारानंतर वाजताच कामा नये. उद्या तुम्ही आजारी पडलात, स्टुडिओत आला नाहीत, तर त्या जागी काहीच न वाजलेलं परवडलं. पुराच्या दिवसांत कालचा आकडा आज ऐकवणं फार वाईट.

आता दुसरी एक कात्री, ही लोकांच्या लक्षात येत नाही. फाइल संग्रहात घेताना अनेक सॉफ्टवेअर पुढची-मागची शांतता स्वतःहून छाटतात. ठरलेल्या पातळीच्या खाली आवाज गेला की ते समजतं, संपलं. गाण्यांना हे ठीक आहे. पण आपलं मराठी निवेदन बघा. क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही शेवटी, आणि तिथेच आपला श्वास संपलेला असतो, आवाज खाली आलेला असतो. ‘नाही’मधला ‘ही’ तर बरेच जण गिळतातच. म्हणजे वाक्याचा सगळा अर्थ जिथे आहे, नेमका तिथे आवाज सर्वात लहान. बोलक्या तुकड्यांच्या वर्गासाठी ही आपोआप छाटणी बंदच ठेवा. बंद करता येत नसेल तर पातळी खूप खाली न्या. या छाटणीपुरती मात्र शेवटी थोडी मोकळी जागा ठेवण्याची सवय चांगली, आणि निवेदनाच्या अखेरीस केंद्राचं नाव घ्यायचं. नाव कापलं गेलं तर कुणाचा माल उचलला जात नाही.

पूर्वी आम्ही महत्त्वाच्या सूचनेत नकार शेवटी ठेवायचोच नाही. ‘काळजीचं कारण नाही. आजचा विसर्ग कालइतकाच राहील.’ असं लिहायचं. मशीन कुठलंही असो, ही सवय उपयोगी पडते.

आता वेव्ह की एमपी३. रेकॉर्डिंग आणि साठवण वेव्हमध्ये, मोनोत. एकट्या माणसाच्या आवाजाला स्टिरिओचं काय काम? ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो धरलं तर मिनिटाला साधारण ५ एमबी होतात. तुमचा ५१ सेकंदांचा तुकडा साडेचार एमबीच्या आत. आजच्या डिस्कवर ही काही जागा नव्हे. एमपी३ केलं की आवाजातला काही भाग कायमचा जातो. मग तीच फाइल तुम्ही पुन्हा उघडून दुरुस्त करता, पुन्हा एमपी३ करता, आणखी जातो. त्यावर तुमचं इंटरनेटचं प्रक्षेपण असेल तर तेही दाबूनच जातं. ‘स’ आणि ‘श’ पत्र्यावर घासल्यासारखे यायला लागतात.

पातळीचं म्हणाल तर बोलताना काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू द्या, जोरात बोललात तरी उणे ६च्या वर नको. शून्याला टेकला की फाटला, मग कोणी शिवू शकत नाही.

लाइटचं उद्या लिहितो. हात दुखला.

---

गोदाकाठची_निवेदिका

काका, कोपरापासून नमस्कार. वहीचं कळलं आणि डोक्यातलं जाळं साफ झालं. ‘विसर्ग’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वर्ग आजच केले. संपण्याची वेळही देता येते, ती सोय इतके दिवस डोळ्यांसमोर होती आणि मला वाटायचं ती जाहिरातींसाठी असेल.

पण नवी भानगड. एका फोल्डरवर लक्ष ठेवायला सॉफ्टवेअरला सांगितलं, म्हणजे तिथे फाइल टाकली की ती आपोआप संग्रहात येईल. आली. पण कांद्याच्या भावाचा तुकडा अडीच मिनिटांचा आणि संग्रहात दिसतो ०:१९! पुन्हा तेच दुखणं का? या वेळी तर नाव नवं होतं.

आणि दुसरं, फाइलचं नाव मी मराठीत दिलं होतं, यादीत ते ‘?????’ असं दिसतंय. प्रश्नचिन्हांकडे बघून काय वाजणार ते मी कसं ओळखू?

---

पेंग्विन_पंचवटी

१९ सेकंदांचं मी सांगतो, काका झोपले असतील.

तुम्ही ऑडॅसिटीतून थेट त्या पाळतीच्या फोल्डरातच एक्स्पोर्ट करताय ना? फाइल लिहून होत असते तोवरच सॉफ्टवेअर झडप घालतं. त्याला जेवढी फाइल दिसली तेवढी लांबी त्याने नोंदवली. उपाय असा, की एक्स्पोर्ट दुसऱ्या फोल्डरात करायचं, पूर्ण झालं की फाइल कट करून पाळतीच्या फोल्डरात पेस्ट करायची. दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर हवेत. एकाच ड्राइव्हवर हलवताना फाइल प्रत्यक्ष हलत नाही, फक्त नोंद बदलते, म्हणून ती एका क्षणात अख्खी प्रकटते. पेनड्राइव्हवरून किंवा दुसऱ्या ड्राइव्हवरून आणलीत तर ती कॉपी होते, आणि पुन्हा तेच १९ सेकंद.

प्रश्नचिन्हांचं कारण डेटाबेस. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी साठवायच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. डेटाबेसमधलं टेबल जुन्या, फक्त युरोपीय अक्षरांच्या लॅटिन-१ पद्धतीचं असेल तर त्यात देवनागरीला जागाच नाही, तिथे प्रश्नचिन्हं बसतात. टेबल यूटीएफ८एमबी४ वर (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) नेता येतं, पण आधी बॅकअप घ्या. आणि आत्ता जी प्रश्नचिन्हं झालीत ती परत अक्षरं होणार नाहीत, ती नावं पुन्हा लिहावी लागतील.

मराठी नावाची अजून एक गंमत. ‘शेतकऱ्यांसाठी’ हे नाव दोन कीबोर्डवरून टाइप करून बघा. त्यातला ‘ऱ’ एका ठिकाणी एकसंध अक्षर म्हणून येतो, दुसरीकडे ‘र’ आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. दिसायला हुबेहूब सारखं. विंडोजला मात्र त्या दोन वेगळ्या फाइली. एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली बघून माणूस चक्रावतो, आणि शोधायला गेलं तर हमखास नको ती सापडते. म्हणून माझं मत: फाइलचं नाव रोमन लिपीत, आखूड, तारखेसकट. मराठी शीर्षक संग्रहातल्या शीर्षकाच्या रकान्यात. मराठीच्या अभिमानाचा इथे संबंध नाही, अभिमान हवेत दाखवू.

आणि आता मी तेच करणार जे तुम्ही करू नका म्हणालात. रिव्हेंडेल बघा. लिनक्सवर चालतं, मुक्त स्रोत आहे, रेडिओ केंद्रांसाठीच बनवलंय. त्यात तुमचा हा प्रश्न मुळातच येत नाही. ते फाइलचा पत्ता लिहून न ठेवता आवाजच आपल्या कोठारात घेतं. प्रत्येक गोष्टीला एक कार्ट, म्हणजे नंबर दिलेला डबा, आणि एका कार्टमध्ये अनेक कट, म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे. तुम्ही यादीत फक्त ‘विसर्ग’ हा कार्ट लावायचा. रोज त्यात नवा कट टाकायचा आणि त्या कटला कधीपासून कधीपर्यंत चालेल ते तारीख-वेळेसकट द्यायचं. चालू कटच नसेल तर तो कार्ट वाजत नाही, पुढे जातो. बोलण्याची सुरुवात, शेवट, गाणं कुठून वर आणायचं, या खुणा प्रत्येक कटच्या वेगळ्या. मी घरी एका जुन्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवलंय, कुणाला बघायचं असेल तर पंचवटीत या, चहा माझा.

---

टेपवाले_काका

पेंग्विनभाऊंचं सगळं बरोबर, एक सोडून. रिव्हेंडेल चांगलंच आहे. पण ताई, पावसाळ्याच्या मध्यावर सॉफ्टवेअर बदलू नका. गोदेला पूर असताना केंद्र शिकाऊ हातात द्यायचं नसतं. दिवाळीनंतर, थंडीत, कांद्याच्या भावापलीकडे घाईचं काही नसतं तेव्हा दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकून बघा. २०२७चा सिंहस्थ डोक्यावर आहे. तेव्हा सूचनांचा पूर येईल, त्याच्या आधी काय ते ठरवा.

आता लाइटचं. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला एक छोटं डोकं असतं, साध्या फाइलमध्ये ४४ बाइटचं. पुढे किती आवाज आहे हे त्यात लिहिलेलं असतं. पण किती आवाज होणार हे रेकॉर्डिंग संपल्याशिवाय कळत नाही, म्हणून बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तो आकडा शेवटी, थांबवाचं बटण दाबल्यावर भरला जातो. मधेच लाइट गेली की डोक्यात शून्य राहतं. फाइल उघडायला गेलं की रिकामी किंवा खराब असल्याचा निरोप येतो. लोक ती काढून टाकतात. काढू नका! फाइल किती मोठी आहे ते बघा. एमबीमध्ये आकडा दिसत असेल तर तुमचा आवाज आत शाबूत आहे.

ऑडॅसिटीत फाइल मेनूत इंपोर्ट, त्यात रॉ डेटा. तिथे ते तुम्हाला विचारेल: १६ बिट साइन्ड, लिटल एंडियन, मोनो, ४४१००. रेकॉर्ड करताना जे ठेवलं होतं तेच द्यायचं. आवाज चिमणीसारखा किंवा राक्षसासारखा आला तर सँपल रेट चुकला, नुसती खरखर आली तर बिट चुकले. अगदी सुरुवातीला एक टक् असा आवाज येईल, ते डोकं. तेवढं कापून टाका.

थेट ऑडॅसिटीतच रेकॉर्ड करत असाल तर इतकंही करावं लागत नाही. पुन्हा उघडलं की ते स्वतःच विचारतं, अर्धवट राहिलेलं परत आणू का. होय म्हणायचं. फक्त एक लक्षात ठेवा. ‘सेव्ह’ केलं की तयार होतो तो प्रकल्प, आवाजाची फाइल नव्हे. २०२१मध्ये आवृत्ती ३ आली तेव्हापासून तो एकाच फाइलमध्ये राहतो, त्याआधी एक फाइल आणि तिच्याशेजारी डेटाचा फोल्डर असायचा, आणि लोक पेनड्राइव्हवर नुसती फाइल घेऊन यायचे. अजूनही प्रकल्पाची फाइल ऑटोमेशनला दिली तर ते वाजवणार नाही. एक्स्पोर्टच करायला हवं. पण मुलाखत असेल तर प्रकल्पही ठेवा, सहा महिन्यांनी कुणी म्हणालं ‘तो भाग काढा’ तर कामाला येतो.

इन्व्हर्टरवर विसंबू नका. लाइट जाताना इन्व्हर्टर लागेपर्यंत जो क्षणभराचा झटका बसतो, तेवढ्याने डेस्कटॉप बंद पडू शकतो. कॉम्प्युटरला वेगळा छोटा यूपीएस हवा, नाहीतर सरळ लॅपटॉपवर रेकॉर्ड करा.

---

निफाडचा_वार्ताहर

ताई, मी तुमच्यासारख्यांना गावाकडून आवाज पाठवणारा माणूस. चांदोरी-सायखेड्याला पाणी चढलं की पहिला फोन मला येतो. या धाग्यात आमचं दुःख कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आम्ही व्हॉट्सअॅपवर माइकचं बटण दाबून बोलतो आणि पाठवतो. ते पोचतं पण बारीक होऊन. व्हॉइस नोट मुळात कमी डेटात बसावी म्हणूनच बनवलीय, त्यामुळे वरची धार जाते, माणूस माठात बोलल्यासारखा वाटतो. माहिती घाईची असेल तर ठीक. पण एखाद्या आजीचं जात्यावरचं गाणं रेकॉर्ड केलं असेल तर फोनच्या रेकॉर्डरमध्ये करावं आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून जोडावं. तसं पाठवलं की फाइल आहे तशी पोचते.

आणि केंद्रावरच्या मंडळींना हात जोडून विनंती. आम्ही पाठवलेली फाइल तुमच्या डाउनलोडच्या फोल्डरात ‘ऑडिओ’ आणि लांबलचक आकडे अशा नावाने पडलेली असते. ती तिथून थेट यादीत ओढू नका. एका केंद्रावर साफसफाईत डाउनलोड फोल्डर रिकामा केला आणि माझी तीन गावांची रेकॉर्डिंगं गेली. संग्रहात नावं दिसत होती, दाबलं की आवाज नाही. सुरगाण्याच्या एका बाबांनी कोकणा आदिवासींच्या बोलीत पावसाचे आडाखे सांगितले होते. बाबा पुन्हा सांगतील, पण त्या दिवशीसारखं सांगतील का?

---

टेपवाले_काका

निफाडकर भाऊ, हे सोन्यासारखं लिहिलंत. पुन्हा वहीचीच गोष्ट आहे. वहीत पत्ता लिहिलेला, घर पाडलेलं. ताई, एक नियम करा. बाहेरून आलेला आवाज आधी ‘मूळ’ नावाच्या फोल्डरात जसाच्या तसा, त्याला कुणी हात लावायचा नाही. त्याच्या प्रतीवर कापाकापी करायची आणि तयार झालेला तुकडा ‘प्रसारण’ फोल्डरात. ऑटोमेशनला फक्त ‘प्रसारण’ दाखवायचा. ‘मूळ’ची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क स्टुडिओत ठेवायची नाही.

---

देवळालीकर

फुकटची भर. आमच्याकडे तोफखान्याचा सराव सुरू झाला की खिडक्या थरथरतात, आणि ओझरकडून सुखोई आलं की बोलणं थांबवावंच लागतं. तोफेचा घुम् ८० हर्ट्झच्या खालचा आवाज काढणाऱ्या फिल्टरने बराच जातो, खिडकीच्या काचेची खडखड जात नाही. मी कपाटं उघडी ठेवून, दारावर गोधडी टांगून, पंखा बंद करून रेकॉर्ड करतो. घाम येतो, पण आवाज कोरडा येतो.

---

गोदाकाठची_निवेदिका

सगळ्यांचे आभार. ‘मूळ’ आणि ‘प्रसारण’ फोल्डर केले, एक्स्पोर्ट बाहेर करून मग फाइल आत हलवते, कांद्याचा तुकडा आज अख्खा वाजला. नकारही शेवटी ठेवणं बंद. आमच्या इथल्या मुलींना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘मॅडम, मग बातमीतला सस्पेन्सच गेला!’

शेवटचा प्रश्न. सामुदायिक रेडिओच्या नियमांप्रमाणे प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं असतं. मी रोजचे तुकडे ठेवतेच आहे. तेवढं पुरतं का? की चोवीस तासांचं वेगळं रेकॉर्डिंग करायचं? त्याला तर डोंगराएवढी जागा लागेल.

---

पेंग्विन_पंचवटी

नियमात ‘प्रसारित केलेले कार्यक्रम’ म्हटलंय. तुमचे तुकडे म्हणजे तुम्ही प्रसारित करायला दिलेलं. परवाचंच घ्या. तुमच्या तुकड्यात ‘नाही’ होतं, हवेत नव्हतं. कुणी विचारलं तर तुमच्याकडे हवेत गेलेलं असलं पाहिजे. म्हणून वेगळा लॉगर, म्हणजे हवेत जाणारं सगळं सतत रेकॉर्ड करणारा कॉम्प्युटर, हवाच.

जागा मुळीच डोंगराएवढी लागत नाही. इथे मी एमपी३च्या बाजूने आहे, कारण हे पुन्हा वाजवायचं नाही, फक्त पुरावा म्हणून ठेवायचंय. ६४ केबीपीएस मोनो धरा. तासाला २८.८ एमबी, चोवीस तासांना ६९१ एमबी, ९० दिवसांचे ६२ जीबीच्या आसपास. १२८ जीबीच्या कार्डावर मावेल, तरी मी साधी हार्ड डिस्कच घेईन. आणि ९० वर थांबू नका, शंभराव्या दिवसानंतर जुनं पुसलं जाईल असं लावा. तक्रार नेहमी शेवटच्या दिवशी येते.

फाइल तासाची एक. दिवसाची एक केलीत आणि ती बिघडली तर दिवस गेला. तासाची बिघडली तर तास.

---

टेपवाले_काका

आणि लॉगरला आवाज मिक्सरमधून देऊ नका. एक साधा एफएम रिसीव्हर घ्या, तुमच्या केंद्रावर लावा आणि त्याची वायर लॉगरच्या कॉम्प्युटरला जोडा. मिक्सरमधून घेतलंत तर ट्रान्समीटर बंद पडलेला असतानाही लॉगमध्ये छान गाणी ऐकू येतील. रिसीव्हर फार जवळ असेल तर आवाज फाटेल, कारण सिग्नल अतिच तगडा मिळतो. एरियल आखूड करा नाहीतर रिसीव्हर दोन खोल्या पलीकडे ठेवा.

त्या कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं ठेवा. घाटावरच्या दुकानदाराने ‘सात वाजून दहा मिनिटांनी ऐकलं’ म्हटलं आणि तुमच्या लॉगमध्ये ते सात पंचवीसला सापडलं, तर पंधरा मिनिटं नेमकी कुणाची चुकली हे सांगत बसावं लागतं.